एक डोळा मिटलेली गाडी

मामेभावाने न्यू जर्सीहून फोटो पाठवला. एक लांबट, लाल, जमिनीला चिकटलेली गाडी. बॉनेटवर दोन झाकणं. उजवीकडचं उघडून त्यातून दिवा वर आलेला, डावीकडचं अर्धवट उघडून अडकलेलं. खाली ओळ होती : "बाबांना दाखव. हिचा एक डोळा उघडत नाही."

मी फोटो बराच वेळ बघत बसलो. गाडीचं मला फारसं कौतुक नव्हतं. विचार करत होतो तो "बाबांना दाखव" या दोन शब्दांचा. मोबाईल मामांकडेही आहे. मुलगा दर रविवारी त्यांना फोन करतो. "जेवलास?", "पाऊस आसा?", "आईक दी" एवढं बोलून पाच मिनिटांत दोघंही मोकळे होतात. गेली वीस वर्षं हे असंच चाललंय. फोंड्याला मामांचं गॅरेज होतं. मुलगा शिकला, 2003 साली अमेरिकेला गेला, आणि गॅरेजचं शटर पुढे नऊ वर्षांनी कायमचं खाली आलं. तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. भांडण म्हणावं तर झालं नव्हतं. मामा एकदाच म्हणाले होते, "हात काळे करपाचे नासले तर सांगपाचें आशिल्लें." (त्याला हात काळे करायचे नव्हते, तर सांगायचं तरी होतं.) तेही त्याला नाही, मला.

आता हाच मुलगा पन्नाशीला टेकला असताना 1974 सालची कॉर्वेट घेऊन बसलाय आणि सुट्टीच्या दिवशी हात काळे करतोय. आणि मध्ये निरोप्या मी.

मंडळी, गाडीतलं मला काही कळत नाही हे आधीच कबूल करतो. मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. पण व्हॅक्यूम म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मी कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. अफजलपूरला शिकलो. कर्नाटकातल्या, भीमेच्या काठच्या अफजलपूरला. (नाव ऐकलं की मराठी कान टवकारतात खरे, पण तो विषय वेगळा.)

साल 2011. कलबुर्गीला तेव्हा कागदोपत्री गुलबर्गाच म्हणत होते, नाव बदललं ते 2014 मध्ये. मामा, मामी, माझी आई आणि मी असे आम्ही गाणगापूरला निघालो होतो. गोव्यातल्या दत्तभक्तांना गाणगापूर काही नवं नाही. साखळीच्या दत्तवाडीला जाऊन येणारा माणूस आयुष्यात एकदा तरी गाणगापूरचं मनात धरतोच. भीमा-अमरजेचा संगम, निर्गुण पादुका, संगमावरचा औदुंबर, दुपारची माधुकरी... आईने तर पाच घरी माधुकरी मागायचा नवसच केला होता. नृसिंहसरस्वतींचा एवढा काळ कन्नड मुलखात गेला आणि गुरुचरित्र मात्र मराठीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

गाडी मामांची, दहा माणसं बसणारी जुनी डिझेल जीप. विजापूरला मुक्काम करून सकाळी निघालो. दोन्ही बाजूंना काळी रानं, तूर उभी. भीमा ओलांडली आणि अफजलपूर जवळ आलं तसे मामा एकदम गप्प झाले. बोलता माणूस गप्प झाला की मामी ओळखते. "कितें जालें?" "कांय ना." मग त्यांनी गाडी गियर उतरवत उतरवत हळू केली आणि एका लिंबाच्या झाडाखाली उभी केली. तेव्हा सांगितलं, ब्रेकचा पेडल दगडासारखा झालाय. ब्रेक लागत होता, पण दोन्ही पायांनी दाबला तर! पुढे गाणगापूर अजून पंचवीसेक किलोमीटर.

गावाच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्रा, पुढे दोन ट्रॅक्टर, एक खाट. मिस्त्री तिशीतला. त्याची भाषा ऐकून आई चकित झाली. मुलाशी कन्नड, शेजारच्या चहावाल्याशी दखनी, आमच्याशी मराठी, आणि गाडीला शिव्या तिन्ही भाषांत. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, त्याचं सगळं सार त्या माणसाच्या जिभेवर बसलं होतं. तो म्हणाला, "फिकर नक्को, काका. बसा."

पण मामा बसणारे नव्हते. दोन मिस्त्री एका बॉनेटवर वाकले की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. आधी थोडी परीक्षा झाली. त्याने इंजिन बंद केलं, पेडल चार-पाच वेळा दाबला, मग पेडलवर पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं. सगळं ठीक असेल तर त्या क्षणी पेडल पायाखाली किंचित खाली जातो. गेला नाही. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यानंतर मामांनी त्याला "अरे" म्हणायला सुरुवात केली.

मला त्यांनी तिथेच उभं करून समजावलं, ते असं. पेट्रोलच्या इंजिनात हवा आत घ्यायच्या वाटेवर एक झडप असते. पाय काढला की ती मिटते. आत सिलिंडर हवा ओढतच असतात, पण वाट बंद. मग त्या नळीत हवा विरळ होते. बाहेरची हवा मात्र आपल्या नेहमीच्या वजनाने, पाऱ्याचा 76 सेंटिमीटर उंच खांब तोलून धरील एवढ्या जोराने, सगळीकडून दाबत असते. या दोहोंतला फरक म्हणजे फुकटची ताकद. एका डब्यात मधोमध रबरी पडदा लावायचा, एका बाजूची हवा ओढून घ्यायची, की दुसऱ्या बाजूची हवा पडद्याला ढकलते. पडद्याला दांडा जोडला की दांडा काम करतो. ब्रेकचा बूस्टर तोच. डिझेलला ती झडप नसते, म्हणून पोकळी करायला वेगळा पंप लागतो. आमच्या जीपला तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला होता. पंपापासून बूस्टरपर्यंत एक जाड नळी आणि वाटेत एक एकमार्गी झडप. बिघाड असणार तो या चारांपैकीच कशात तरी. पंप, नळी, झडप, नाहीतर बूस्टर.

हे ऐकताना मला आमचं कार्यालय आठवलं. फाईल अडली की आम्ही शहाणे कारकून पहिल्या टेबलापासून शोधत नाही. मधल्या टेबलावर जाऊन विचारतो, "इथपर्यंत आली होती का?" आली असली तर पुढे बघायचं, नसली तर मागे. मिस्त्रीने नेमकं तेच केलं. बूस्टरच्या तोंडाशी नळी उपसली आणि इंजिन चालू ठेवून तिच्या तोंडावर अंगठा धरला. ओढ होती, पण मेंगळट. मग पंपाच्या तोंडाशी अंगठा धरला. तिथे अंगठा चिकटून बसला, सोडवताना टक् असा आवाज आला. म्हणजे पंप धडधाकट. वाट चुकत होती ती मधल्या दोन फुटांत.

नळी वरून चांगली दिसत होती. त्याने ती वाकवून पाहिली, काही दिसेना. तेव्हा तो मामीकडे वळून म्हणाला, "ताई, उदबत्ती आहे?"

गाणगापूरला निघालेल्या बाईकडे उदबत्ती नसेल? मामीने पिशवीतून पुडा काढला. त्याने एक पेटवली, इंजिन चालू ठेवलं, आणि उदबत्ती नळीच्या अंगाअंगाने हळूहळू फिरवू लागला. ओवाळल्यासारखी. धूर वर वर जात होता, सरळ, आणि झडपेच्या अलीकडे चार बोटांवर आल्यावर तो एकदम वाकडा झाला. खाली वळला आणि नळीच्या पोटात दिसेनासा झाला.

"हवा खींचरा, साब!" शेजारचा चहावाला ओरडला. आई हात जोडून उभी होती. का ते तिला विचारलं नाही.

दुरुस्तीतही एक गंमत झाली. मिस्त्रीने घाईत हाताला लागलेली साधी मऊ पाण्याची नळी कापून बसवली. पेडल दाबला, पुन्हा दगड! बघतात तर नवी नळी चपटी होऊन बसलेली. आतली हवा ओढली गेली आणि बाहेरच्या हवेने तिचा गळा दाबला. मामा हसले, आणि तोही हसला. मग पोराला ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात पिटाळून जाड, आत दोरा विणलेली नळी आणली. तासाभरात आम्ही मार्गी लागलो. पैसे त्याने नळीचे घेतले, वर चहाचे. मजुरी घेईना. "गुरुमहाराजांकडे चाललाय," म्हणाला.

गाणगापूरहून परतताना मामांनी अफजलपूरला मुद्दाम गाडी थांबवली, त्याला प्रसाद दिला आणि आपला एक पाना दिला. विलायती, मामांनी जीव लावलेला. मामीने नंतर मला हळूच सांगितलं, तो पाना मुलासाठी जपून ठेवला होता.

तर सांगत होतो ते कॉर्वेटचं.

रविवारी संध्याकाळी सात वाजता फोन जुळवला. तिथे सकाळचे साडेनऊ. मामा आता 75 वर्षांचे. गॅरेजात आयुष्य काढल्याने उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, डावा मात्र तल्लख. फोटो पाहून त्यांनी विचारलं, "दिव्यांक मोटर ना?" मुलगा म्हणाला, नाही बाबा, व्हॅक्यूम. मामांचे डोळे लकाकले आणि ते खुर्चीत सरळ झाले.

मी या दिव्यांबद्दल आधी थोडं वाचून ठेवलं होतं, ते सांगतो. लपणारे दिवे पहिल्यांदा आले ते 1936 च्या कॉर्ड 810 या अमेरिकन गाडीत. त्यात डॅशबोर्डवर दोन हँडल होती, एकेका दिव्याला एक, हाताने फिरवायची. 1962 च्या लोटस एलान या इंग्रजी गाडीत ते काम पोकळीवर सोपवलं. पोकळी साठवायला वेगळी टाकीही नाही, चॅसीचा पुढचा पोकळ आडवा भाग तीच टाकी! कॉर्वेटमध्ये 1963 पासून विजेच्या मोटरने दिवे फिरत, 1968 ते 1982 च्या पिढीत ते पोकळीवर चालले आणि पुढच्या पिढीत पुन्हा मोटर आली. हा खटाटोप निव्वळ नखऱ्यासाठी नव्हता. अमेरिकेत 1983 पर्यंत ठरावीक मापाचेच दिवे लावावे लागत आणि ते जमिनीपासून ठरावीक उंचीवर असावे लागत. गाडीचं नाक तर बुटकं हवं, म्हणून दिवे गरजेपुरते वर काढायचे. 2004 नंतर अशा दिव्यांची गाडी मोठ्या प्रमाणावर कुणी बनवली नाही. पायी चालणाऱ्याला धक्का लागला तर बॉनेटवर अशी उंच वस्तू नको, हे त्यातलं एक कारण.

मामांना या इतिहासात रस नव्हता. त्यांना त्यांचं आठवलं. 1967 च्या सुमारास ते पोरगेले असताना फोंड्यातल्या एका गॅरेजात कामाला होते. पोर्तुगीज अमदानीत आलेल्या मोठमोठ्या अमेरिकन गाड्या तेव्हा आपल्याकडे टॅक्सी म्हणून धावायच्या. त्यांतल्या काहींचे वायपर पोकळीवर चालत. अनमोड घाट चढायचा, जुलैचा पाऊस, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, झडप उघडते, पोकळी जाते आणि ऐन वळणावर वायपर काचेच्या मधोमध उभा! मग ड्रायव्हर क्षणभर पाय काढणार, वायपर दोन फेऱ्या मारणार, तेवढ्यात रस्ता बघून घ्यायचा आणि पुन्हा पाय दाबायचा. "असो घाट चडटाले," मामा म्हणाले. मुलगा हे पहिल्यांदाच ऐकत होता. मीही.

मग चौकशी सुरू झाली. मामा विचारत होते, मी मध्ये उगाच भाषांतर करत होतो, पाच मिनिटांत माझी गरज संपली.

दोन्ही दिवे अडतात की एकच? एकच. मग टाकी, मुख्य नळी आणि डॅशबोर्डचा स्विच तूर्त सोडून दे. दोन्हींना सामाईक आहे ते बिघडलं असतं तर दोन्ही रुसले असते. या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतःचा रिले आणि स्वतःचा पडद्याचा डबा आहे, हे मुलाने सांगितलं. डब्याला दोन नळ्या, एक उघडायला, एक मिटायला, वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांच्या. पट्ट्या पन्नास वर्षांत पुसून गेल्यात आणि आधीच्या कुणा मालकाने अदलाबदलही केली असेल, म्हणून त्याने आधी त्या तपासल्या. बरोबर होत्या.

इंजिन बंद असताना दिवा हाताने वरखाली होतो का? होतो, सहज. म्हणजे बिजागरी गंजलेली नाही. इथे मामा एकदम ओरडले, "हात भितर घालूं नाका रे! फट्ट करून पडत!" पलीकडे मुलाने हात झटकन बाहेर घेतला. पन्नाशीचा माणूस, चेहरा मात्र दहा वर्षांच्या पोराचा.

आता उजवीकडच्या धडधाकट रिलेच्या नळ्या लांब तुकडे जोडून डाव्या डब्याला लाव. लावल्या. यात वीस मिनिटं गेली, तोवर फोन एका डब्यावर टेकवलेला, आणि मामा त्या रिकाम्या गॅरेजच्या छताकडे टक लावून बसले होते. डावा दिवा तरीही अर्ध्यावरच. म्हणजे रिले निर्दोष, चोर डब्यात.

मी शहाणपणाने म्हटलं, "मामा, उदबत्ती?" अफजलपूरची आठवण मलाही दाखवायची होती. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे घेतली. "पेट्रोल तें! डिझेल न्हय. उदबत्ती लावन गाडी जळयता काय?" मग मुलाला म्हणाले, "इंजीन बंद कर. आवाज नाका. टाकयेंत वारें ना तें उरलां, तितलें पुरो." टाकीत 'नसलेली हवा' शिल्लक आहे, तेवढी पुरे! पोकळीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. एकमार्गी झडप ठीक असली की इंजिन थांबल्यावरही ओढ टिकते, आणि आठ सिलिंडरांचा गडगडाट थांबलेला असला की बारीक आवाज ऐकू येतो.

"आतां दिवो लाय. आनी फोन थंय धर."

मामांनी फोन डाव्या कानाला लावला. मामी टीव्ही बंद करून आली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मामांनी डोळे मिटले होते.

"मातशें वयर... ना, ना, परत सकयल. दांड्यालागीं. थंय. थंयच राव." आणि मग, "सूं करता."

पलीकडून मुलगा म्हणाला, "कुठे? मला नाही ऐकू येत."

"तुका येवचें ना. हांव आयकतां."

डब्यातून दांडा बाहेर येतो तिथल्या रबरी सीलपाशी गळती होती. मुलाने नंतर खात्री केली. हातपंपाला घड्याळ असतं, ते त्याने डब्याला जोडलं. काटा 15 इंचांवर चढला आणि बघता बघता खाली घसरला. उजव्या डब्यावर तोच काटा हलला नाही. अशा इंजिनात पाय काढलेला असताना साधारण 18 ते 20 इंच पोकळी मिळते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोहून थोडा कमीच जोर. एवढ्याशा जोरावर एवढा दिवा उचलायचा, तर नखाएवढी फटही त्याला पुरते.

या गाड्यांचे हौशी लोक तिथे इतके आहेत की नवे डबे अजून बनतात. मुलाने मागवला आणि पुढच्या रविवारी बसवला. आम्ही तिघं बघत होतो. त्याने स्विच ओढला. उजवा दिवा उठला, त्याच्या मागोमाग डावा, नव्या डब्यामुळे किंचित जास्त उत्साहाने. मामांनी पुन्हा मिटायला लावले. पुन्हा उघडायला लावले. मग म्हणाले, उद्या सकाळी इंजिन चालू न करता बघ, मिटलेले आहेत तसे मिटून राहतात का. त्यासाठी सोमवारी पुन्हा फोन आला. राहिले होते. त्या फोनवर पाऊण तास बोलणं झालं, आणि मला कुणी बोलावलं नव्हतं, हे मला मामीकडून कळलं.

जुना डबा त्याने फेकला नाही. सुट्टीत येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर फोंड्याला पाठवून दिला. काल मी गेलो तेव्हा मामांनी तो बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्यावर उघडला होता. काळा, कडक झालेला पडदा, दांड्याची झिजलेली रबरी कडी, आत थोडा अमेरिकेचा गंज. मामांची बोटं काळी झाली होती आणि ते मला सांगत होते की ही कडी फोंड्यातसुद्धा कापून घेता येईल, त्याला काय लागतं, फक्त माप नीट हवं.

मामी दारात उभी होती. "आनी हें आतां खंय दवरपाचें?" तिने विचारलं.

मामांनी उत्तर दिलं नाही. ते चष्मा वर करून त्या कडीचं माप घेत होते.